घरात रायफल नको

२८ सप्टेंबर २००८, रविवार

आज केनशी भांडले. मनसोक्त भांडले, तरी राग उतरला नाही, म्हणून डायरी उघडली.

केन आमच्या रायफल क्लबचा सेक्रेटरी. सत्तरीचा, गोरा, अतिशय सभ्य. क्लबकडे लहान बोअरची, पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल एकच आहे आणि ती मला लागते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जानेवारीत सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये बर्फावरून घसरले, उजवं मनगट मोडलं, आत धातूची पट्टी घातली. तेव्हापासून साध्या रायफलचा बोल्ट दर गोळीनंतर उचलून मागे ओढायचा म्हणजे कळ थेट कोपरापर्यंत जाते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ती भानगड नाही. चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपली आपण जागेवर येते. मनगटाला आराम.

तर आज ती रायफल केनने एका नव्या मेंबरला दिली. का, तर त्याला मजा वाटावी म्हणून. मी दीड तास बाकावर बसून राहिले. विचारलं तर म्हणतो, "सुचेता, डिअर, वी हॅव टु शेअर."

डिअर!

ठरवलं. स्वतःची घेणार. वसंतातल्या स्पर्धेला स्वतःची रायफल घेऊन जाणार. या देशात मोठ्या बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिकवर केव्हाच बंदी आली, पण पॉइंट टू-टू अजून चालते. पोलिसांकडून सर्टिफिकेट काढावं लागतं, ते काढीन. नागपूरला कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगमध्ये मी अख्ख्या बटालियनमध्ये पहिली होते. श्रीकांतशी लग्न झालं, इकडे लंडनला आले, वैभवी झाली, आणि रायफलला हात लागला तो थेट पंचेचाळिसाव्या वर्षी. आता मी एक्कावन्नची आहे. बाकावर बसून राहण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

श्रीकांतला सांगितलं. त्याची नोकरी याच महिन्यात गेली. एका सोमवारी सकाळी बँकेत गेला आणि जेवायच्या वेळेला घरी आला. तेव्हापासून सोफ्यावर आहे. मी इतकं तावातावाने सांगितलं, त्यावर म्हणाला, "बघू." टीव्हीकडे बघत. टीव्ही बंद होता.


४ ऑक्टोबर, शनिवार

हर्टफर्डशायरमधल्या एका खेड्यातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. खाली कुत्र्यांचं खाणं आणि रबरी बूट, वर बंदुका. श्रीकांतला मुद्दाम बरोबर घेतलं, म्हटलं जरा घराबाहेर पडेल.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंच नाही. "येस सर, व्हॉट आर वी आफ्टर टुडे?" श्रीकांत म्हणाला, "माय वाइफ." त्यावर तो हसून, "ऑफ कोर्स," आणि पुन्हा त्याच्याशीच बोलायला लागला. मी म्हटलं, नेम मी धरते, चाप मी ओढते, पैसे मी देणार, तेव्हा तोंड इकडे करा. तेव्हा कुठे मान वळली.

बजेट सांगितल्यावर त्याने तीन काढल्या. एक जर्मन. हातात घेतल्या घेतल्या कळलं की ही आपली नाही, मी ती लगेच परत दिली. दुसरी कोरी करकरीत, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, हलकी, सगळ्यांत स्वस्त. मी विचारलं, साध्या गोळ्यांवर चालते का? तो घुटमळला. खोदून विचारल्यावर म्हणाला, कधी कधी अडकते. स्पर्धेत घड्याळ चालू असताना अडकली म्हणजे संपलंच. तिसरी जुनी, अमेरिकन, अक्रोडाच्या दस्त्याची. दस्ता मला दोन बोटं लांब आहे, पण लाकूड कापून घेता येतं. चाप थोडा जड, तोही हलका करून मिळतो. नळी आतून स्वच्छ. खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मनगट काहीही बोललं नाही. हीच.

तेवढ्यात त्या शहाण्याने रायफल माझ्याकडून घेतली आणि श्रीकांतच्या हातात दिली. "हॅव अ फील, सर." श्रीकांत क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग चटका बसल्यासारखी काउंटरवर ठेवली, म्हणाला, "मी गाडीत बसतो," आणि जिना उतरून गेला. दुकानदाराने भुवया उडवल्या. मला इतकं लाजिरवाणं झालं! एवढी आवड दाखवायलाही नको?

गाडीत जाऊन पाहते तर हा दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसलेला, मान घामाने ओली. ऑक्टोबरात घाम. म्हटलं, "तुझं हे काय नवीन?" म्हणाला, "सॉरी." त्या सॉरीने माझं डोकं आणखीच फिरलं. स्टॅनमोरला घरी पोचेपर्यंत मी बोलले नाही. तोही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं हल्ली रोजचंच आहे, त्यामुळे माझ्या अबोल्याचा काही उपयोग झाला नाही.


१२ ऑक्टोबर, रविवार

अर्ज भरला. केनने क्लबतर्फे सही दिली, बहुतेक माझ्या भीतीने.

जेवताना श्रीकांत म्हणाला, "ती घरीच ठेवायला लागते का?"

"सर्टिफिकेट माझ्या नावावर, पत्ता घरचा. मग काय बागेत ठेवू?"

"घरात नको, सुचेता."

"का?"

"नको म्हणजे नको."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला असं कधी म्हटलेलं नाही. मी नोकरी बदलली, कार विकली, आईला सहा महिने इथे आणून ठेवलं, प्रत्येक वेळी "तुला बरं वाटेल ते कर." आणि आज मी स्वतःसाठी एक वस्तू मागते आहे तर नको म्हणजे नको! मी विचारलं, पैशांमुळे का? मान हलवली. लोक काय म्हणतील म्हणून? मान हलवली. मग कशामुळे? ताटातला भात बोटाने एका बाजूला सारत बसला. मी म्हटलं, "तुझी नोकरी गेली म्हणून मीही हातपाय गाळून बसायचं, असं म्हणायचंय का तुला?"

उठून गेला. भात तसाच. एवढ्यात तो जेवण असंच टाकतो. मी दिवसभर कौन्सिलमध्ये लोकांच्या घरांच्या तक्रारी ऐकायच्या, शिव्या खायच्या, घरी येऊन आमटी-भात करायचा, आणि याने टाकायचा.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. पहाटे उठून तेल-उटणं काढून ठेवलं. श्रीकांत उठला नाही. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा पांघरूण ओढलं. जागाच होता. छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "तू कर, मी नंतर करतो." उटणं वाटीत वाळून गेलं.

संध्याकाळी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला एकटी गेले. सगळे विचारत होते, श्रीकांत कुठाय? म्हटलं, सर्दी झाली. चकल्या मऊ पडल्या त्यादेखील मी मुकाट्याने खाल्ल्या.


९ नोव्हेंबर, रविवार

बरं लिहायला काही नसतं म्हणून लिहीत नव्हते. आज आहे. श्रीकांत उठला, दाढी केली, आणि कामाला लागला!

सकाळी मला बोलावून रेडिएटरमधली हवा कशी काढायची ते दाखवलं. मग बॉयलर बंद पडला तर कुठलं बटण किती वेळ दाबायचं. मग गाडीच्या टायरची हवा. मी म्हटलं, "हे तूच करतोस ना, मला कशाला शिकवतोस?" तर म्हणे, "तुलाही यायला हवं." विम्याचे, घराचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले, कुणाला फोन करायचा ते वर लिहून ठेवलं. दुपारी मंडळातले जयंत काळे आले होते, त्यांना स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्या लेन्स देऊन टाकल्या. जयंतराव नको नको म्हणत होते. अहो, मी वापरत नाही आता, म्हणाला. किती शांतपणे बोलत होता, हसलासुद्धा.

मला बरं वाटायला हवं. वाटलंही, पण दुसऱ्या मिनिटाला भडकले. तो कॅमेरा मी त्याला पन्नाशीला दिलेला. विचारायचं तरी!


१६ नोव्हेंबर, रविवार

लोखंडी कपाट आणलं, सेकंडहँड. रायफल त्यात कुलपात ठेवायची, आणि कपाट भिंतीत बोल्टने पक्कं करायचं, असा नियम. श्रीकांतला म्हटलं, ड्रिल घे. म्हणाला, "मी नाही लावणार." चांगला इंजिनियर माणूस! शेवटी जिन्याखालच्या कोनाड्यात वाकून मी स्वतः भिंतीला भोकं पाडली, या मनगटाने. डोळ्यांतून पाणी आलं, थोडं दुखण्याने आणि उरलेलं संतापाने.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. ड्रिल थांबल्यावर म्हणाला, "किल्ली कुठे ठेवणार आहेस ते मला सांगू नकोस."

"सांगणार नव्हतेच. कायद्यानेच तुला माहीत असता कामा नये."

"नाही, खरंच. मी शोधली तरी सापडणार नाही अशा ठिकाणी ठेव."

असलं तिरकस बोलणं! पूर्वी हा माणूस टोमणे मारत नसे. मी म्हटलं, "हो, गळ्यात घालून झोपते." तर म्हणाला, "चालेल." आणि वर निघून गेला.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एडिनबऱ्याहून वैभवीचा फोन. तिथल्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आपल्याला सगळ्यांचं सगळं कळतं असं तिचं मत आहे.

"आई, बाबा ठीक आहे ना? त्याची आवाज वेगळा वाटते."

"त्याचा आवाज. वेगळा वाटतो."

"आई, प्लीज. तू त्याच्याशी बोलली का? प्रॉपर बोलली?"

मी म्हटलं, मी रोज बोलते, तो उत्तर देत नाही. आणि माझ्याशी कोण बोलतं? माझं मनगट कसं आहे हे कुणी विचारलं? तिने विचारलं, "तुझा मनगट कसा आहे?" तेव्हा मी फोन ठेवला.


११ डिसेंबर, गुरुवार

पेनची निब कागदात रुततेय. रागाने.

पोलिसांतर्फे चौकशीला मिसेस हॉलंड आल्या होत्या. अर्जदाराच्या घरी येऊन बघतात, बोलतात, तशी पद्धत आहे. साठीच्या, आखूड केस, जाड बूट. आल्या आल्या "मिसेस पॅलसूल" म्हणाल्या. मी पळसुले म्हणून सांगितलं, तर थांबून दोनदा नीट म्हणून पाहिलं. बाई मला आवडली.

कपाट हलवून पाहिलं, हललं नाही. सेमी-ऑटोमॅटिकच का, विचारलं. मी मनगटावरची शस्त्रक्रियेची खूण दाखवली, स्पर्धेचं सांगितलं, तीन रायफलींपैकी जुनी का निवडली ते सांगितलं. "गुड चॉइस," म्हणाल्या. तब्येत, दारू, घरातले ताणतणाव, सगळं विचारलं. मी म्हटलं, मिस्टरांची नोकरी गेली आहे, बाकी ठीक. राग येतो का? म्हटलं, येतो. खोटं कशाला बोलायचं? हसल्या.

मग म्हणाल्या, मिस्टर पळसुल्यांशी दोन मिनिटं बोलते. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. दोन मिनिटं कसली! माझा चहा गार झाला. टीव्हीवर एक अख्खा कार्यक्रम संपला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता. श्रीकांतचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "यू प्रॉमिस्ड मी." मला म्हणाल्या, "या आठवड्यात तुम्ही घरी आहात ना?" मी म्हटलं, कामावर जाईन, संध्याकाळी घरीच. सर्टिफिकेटबद्दल एक शब्द नाही.

दार लावलं आणि मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"खरं ते सांगितलं."

"म्हणजे काय? मी आदळआपट करते? मी कजाग आहे? माझ्या हातात बंदूक देऊ नका?"

"तुझ्याबद्दल काही नाही बोललो."

"मग इतका वेळ काय हवापाण्यावर बोललात?"

मी बशी आपटली, फुटली. तो खाली बसून तुकडे वेचायला लागला. मी म्हटलं, नाटकं पुरेत. तुकडे हातातून काढून घेतले आणि कचऱ्यात टाकले.


१८ डिसेंबर, गुरुवार

अर्ज थांबवला. "घरातील परिस्थिती लक्षात घेता." एवढंच.

ऑफिसमधून मिसेस हॉलंडना फोन लावला. म्हटलं, मी रागीट आहे म्हणून ना? रागीट बायकांनी काय भरतकाम करायचं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तुमच्याबद्दल नाही. तुम्ही मिस्टरांशी बोला. शक्य असेल तर आजच." मी म्हटलं, आमच्या घरात काय बोलायचं ते आम्ही ठरवू. त्या म्हणाल्या, "त्यांनी डॉक्टरांना फोन केला का, एवढं तरी विचारा." मी फोन आपटला. डॉक्टर! म्हणजे स्वतःच्या डोकेदुखीचं रडगाणं त्या बाईपुढे गायला, आणि माझी रायफल गेली.

ख्रिसमसला वैभवीकडे जाते. एकटी. शनिवारची गाडी आहे. राहू दे त्याला छताकडे बघत. त्याला सांगितलं तर म्हणाला, "जा. खरंच जा. वैभवीजवळ असलेली बरी." थांब म्हणण्याइतकीही किंमत नाही माझी.


२१ डिसेंबर, रविवार

मी गेले नाही.

काल सकाळी मिनीकॅब आली. श्रीकांतने बॅग दारापर्यंत आणली. नीट कपडे केले होते, केस विंचरले होते. माझा मफलर सारखा केला आणि म्हणाला, "वैभवीला सांग, ती फार चांगली मुलगी आहे." मी म्हटलं, "फोन करून तूच सांग की." म्हणाला, "काल केला होता."

मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आणि मला तो प्रश्न तसाच सोडून जाववेना. बाकी काही नाही, निव्वळ खुन्नस. वळून म्हटलं, "जाताना एवढं तरी सांग. त्या बाईला काय सांगितलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. म्हणाला, "घरात रायफल आली तर मी ती स्वतःवर चालवीन, असं सांगितलं."

हॉर्न पुन्हा वाजला.

मला आधी वाटलं, हा पुन्हा टोमणा मारतोय. मग त्याचे हात दिसले. बॅगेचा पट्टा त्याने असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. म्हणाला, "दुकानात हातात आली ना, तेव्हा कळलं मला. म्हणून नको म्हणत होतो. आता रायफलशिवायही तेच चालू असतं डोक्यात. सकाळपासून."

मी ड्रायव्हरला जा म्हणून ओरडले. तो पैशांसाठी कटकट करायला लागला, पर्समधून हाताला लागल्या त्या नोटा त्याच्या अंगावर फेकल्या. दार लावलं. आणि मग मी काय करावं? जवळ घ्यावं, रडावं. मी दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. "त्या परक्या बाईला सांगितलंस! चहा प्यायला आलेल्या बाईला! मला नाही? मी इथे रोज होते! रोज!"

त्याने हात अडवले नाहीत. म्हणाला, "तिने विचारलं."

"काय विचारलं?"

"तुम्ही कसे आहात, असं विचारलं. आणि मग गप्प बसली. मी बोलेपर्यंत काही बोललीच नाही."

मी मुठी खाली घेतल्या.

डॉक्टरांचा इमर्जन्सी नंबर फिरवला. त्यांनी हॉस्पिटलात यायला सांगितलं. तिथे सहा तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मी त्याचा कोट धरून बसले होते, बाहीला, घट्ट. एका तरुण डॉक्टरने त्याच्याशी बोलून घेतलं, आज नर्स घरी येऊन गेली, उद्या परत येणार आहे. वैभवी रात्रीच्या बसने निघाली, सकाळी पोचली. दारातच बाबाच्या गळ्यात पडली. "मला काय माहीत नव्हता, बाबा, मला काय माहीत नव्हता." मी चूक काढली नाही.


२९ डिसेंबर, सोमवार

मला सगळ्यांचा राग येतोय. बँकेचा, जिने त्याला वीस वर्षं वापरलं. जयंतरावांचा, ज्यांनी कॅमेरा नेला आणि का देतोय म्हणून विचारलं नाही. काल जाऊन तो परत आणला. ते बिचारे घाबरून चार्जरही शोधून देत होते. रेडिएटरची हवा काढायला शिकवणाऱ्या श्रीकांतचा. शिकणाऱ्या माझा सगळ्यांत जास्त.

हे सगळं मी इथेच लिहिलं आहे, स्वतःच्या हाताने. घाम, भात, किल्ली. लिहिताना मला एकच गोष्ट दिसत होती. माझी रायफल.

नर्स म्हणाली, राग येणारच, पण त्याच्यासमोर जपून. मी म्हटलं, प्रयत्न करते. वैभवी हसली. निर्लज्ज.


२ फेब्रुवारी २००९, सोमवार

रात्रभर बर्फ. लंडन ठप्प, बस नाही, ट्रेन नाही, कौन्सिल बंद. श्रीकांत खिडकीशी बसला आहे. गोळ्या सुरू होऊन महिना उलटला, फरक म्हणावा तर आहे, म्हणू नये तर नाही. रोज सकाळी मी विचारते, कसा आहेस, आणि मग गप्प बसायचं शिकते आहे. ते जमत नाही. माझी जीभ शिवशिवते. आज मी कशीबशी गप्प बसले तर म्हणाला, "आज वाईट आहे." बस. मग मीही खिडकीशी बसले. समोरच्या छपरावरून बर्फाची लादी घसरून पडली, तेवढंच.

अर्ज मागे घेतल्याचं मिसेस हॉलंडना कळवलं. फोनवर त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. त्या थांबल्या. ती बाई थांबते, तेच खरं.


८ मार्च, रविवार

पुष्कळ दिवसांनी क्लबमध्ये गेले. वैभवी सुट्टी काढून आली आहे, बाबाजवळ थांबली. केनला कुणी सांगितलं कोण जाणे. बाजूला घेऊन म्हणाला, कमिटीने क्लबसाठी दुसरी सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचं ठरवलं आहे, क्लबच्याच तिजोरीत राहील, निवड तू कर. बजेट मात्र जेमतेम आहे.

मी म्हटलं, "ही दया आहे का, केन?"

"ही रायफल आहे, सुचेता. दया नंतर, बारमध्ये." डिअर म्हणाला नाही.

मग त्याच हर्टफर्डशायरच्या दुकानात गेलो. दुकानदार केनशी बोलायला लागला. केन जिन्याकडे बघत उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मी ठेवायला सांगितलेली अक्रोडाच्या दस्त्याची त्याने केव्हाच विकली होती. मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालची कुत्री भुंकायला लागली. शेवटी मागच्या खोलीतून एक काढली. दस्त्यावर ओरखडे, रंग उडालेला, कुणी हात लावत नव्हतं. दस्ता आखूड, मला नेमका. चाप हलका. साध्या गोळ्यांची चार मॅगझिन त्यांच्या रेंजवर झाडून पाहिली, एकदाही अडकली नाही. बजेटच्या आत. घेतली.

वसंतातल्या स्पर्धेला यंदा नाव दिलेलं नाही. दोन दिवस घर सोडून जायचं धाडस अजून नाही.


२९ मार्च, रविवार

श्रीकांत अंघोळीला गेला होता. नर्सने सांगितलं आहे की आता त्याला थोडं त्याचं त्याचं राहू द्या. मी राहू देत होते. फक्त मधूनमधून दारावर टकटक करून "श्रीकांत?" एवढंच. तो आतून "हं" म्हणायचा. एकदा "हं" आलं नाही. मी दार बडवलं. "श्रीकांत! बोल! काहीतरी बोल!"

दार धाडकन उघडलं. टॉवेल गुंडाळलेला, अर्ध्या तोंडावर दाढीचा साबण.

"काय बोलू?" तो ओरडला. "राष्ट्रगीत म्हणू? तोंडात साबण गेला होता माझ्या! माणसाने अंघोळसुद्धा करायची नाही का या घरात?"

मी दोन पावलं मागे सरले. हा आवाज मी विसरूनच गेले होते.

"दर पाच मिनिटांनी श्रीकांत, श्रीकांत! माझ्या बुटांच्या नाड्या कुठे लपवल्यास? माझा रेझर तुझ्याकडे मागायला येतो मी, या वयात! मी काय बाळ आहे?"

"मग मला घाबरवायचं नव्हतंस!" मीही ओरडले. "मला कुणी विचारलं, तू झोपतेस का? मी झोपत नाही!"

"मला काय सांगतेस! त्या बँकवाल्यांना जाऊन सांग! वीस वर्षं! लोकांच्या पगाराची सिस्टिम मी बांधली, मी, आणि त्या सोमवारी माझा पास चालेना. सिक्युरिटीवाला, रोज गुड मॉर्निंग म्हणणारा, मला विचारतो, तुमचं नाव काय? स्पेलिंग सांगा! फुटपाथवर उभं राहून मी त्याला पळसुलेचं स्पेलिंग सांगत होतो, सुचेता! आणि थँक यू म्हणून निघून आलो! थँक यू म्हटलं मी!"

हे त्याने मला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. साबण ओघळून छातीवर आला होता, डोळे लाल, गळ्याच्या शिरा तट्ट. शेजारच्या बाईने भिंतीवर ठोकलं. "शट अप, मार्गरेट!" असं श्रीकांत पळसुले भिंतीकडे तोंड करून ओरडला. ज्याने आजवर तिची कचरापेटी रस्त्यावर नेऊन ठेवली तो.

मग दम लागून टबाच्या काठावर बसला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. आतून म्हणाला, "पाणी गार झालं. तुझ्यामुळे."

मी म्हटलं, "बोल. अजून बोल."